मदत हवी आहे: 'लॉस सेरानो'चा कुठला भाग दाखवू?

पुण्यात आम्ही काही स्पॅनिश शिकणारे महिन्यातून एकदा जमतो. पुढच्या वेळी 'लॉस सेरानो' या स्पॅनिश मालिकेतला (तेलेसिंको वाहिनी, २००३ ते २००८) एक भाग दाखवायचा आहे. तीन मुलगे असलेला विधुर दिएगो आणि दोन मुलींची घटस्फोटित आई लुसिया लग्न करतात, आणि माद्रिदमधल्या एका घरात सात जणांचा संसार सुरू होतो. मला ही मालिका मनापासून आवडते. सावत्र नात्यांत खलनायक शोधत न बसता रोजच्या कुरबुरींतून माया कशी उगवते, हे ती दाखवते. आपल्याकडच्या मालिकांत सावत्र आई अजूनही बहुधा कारस्थानीच असते, म्हणून तर हे दाखवावंसं वाटतं.

पहिला भाग लावून पाहिला. ओळखी करून देण्यातच बराच वेळ जातो. मधलेच भाग निवडले तर दिएगोचा मुलगा मार्कोस आणि लुसियाची मुलगी एवा यांचं प्रेमप्रकरण पुढे येतं आणि आईवडील मागे पडतात. नंतरचे हंगाम नकोत, तिथे लुसियाच नाही. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा रहस्यभेदाची काळजी नको.

भाग तासाहून मोठे आहेत आणि आमच्याकडे साधारण पाऊण तास आहे, म्हणजे निवडक प्रसंगच दाखवता येतील. मंडळी नवशिकी आहेत, स्पॅनिश उपशीर्षकं लागतीलच. इटालियन आवृत्ती नको.

पहिल्या दोन हंगामांतला असा कुठला भाग आहे, ज्यात लुसिया आणि दिएगोचे मुलगे यांचं नातं केंद्रस्थानी आहे आणि जो मागचं काही न पाहताही कळेल?