प्रजाती म्हणजे जीनस की स्पीशीज?

येऊरकर (ठाणे): पतंगांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. बिस्टन बेट्युलॅरिया : पांढऱ्या पंखांवर काळी बुंदकी, बर्चच्या सालीवर बसला की शोधून सापडत नाही. यातलं 'बेट्युलॅरिया' हे नाव लिनियसने १७५८ साली दिलं. उत्तर अमेरिकेतला कॉग्नॅटॅरिया पूर्वी वेगळी स्पीशीज धरत, आता बहुतेक जण त्याला बेट्युलॅरियाचीच उपजाती मानतात. मी लिहिलं, 'बिस्टन ही प्रजाती, बेट्युलॅरिया ही जाती'; म्हणजे बिस्टन हे जीनस, जवळच्या स्पीशीजचा गट, आणि बेट्युलॅरिया ही त्यातली एक स्पीशीज. संपादकांनी प्रजातीचा 'वंश' केला आणि जातीची 'प्रजाती'. शाळेत तर गण, कुल, प्रजाती, जाती असंच घोकलंय. काय ठेवू?

खाडीकाठ (ऐरोली): संपादकांचं ऐका. 'ठाणे खाडीत रोहितच्या (फ्लेमिंगोच्या) दोन प्रजाती येतात' हे वाचून कुणाच्या मनात जीनस येतं?

नौपाडा_जीवशास्त्र: यायला हवं! मोठा रोहित फिनिकॉप्टेरस, छोटा फिनिकोनायस, ही दोन वेगळी जीनस. म्हणजे तुमचं वाक्य पाठ्यपुस्तकाच्या अर्थानेही बरोबर ठरतं. लोक 'जाती' लिहायला कचरतात म्हणून प्रजाती बोकाळली. शास्त्राने का कचरावं?

खाडीकाठ (ऐरोली): कारण शास्त्र वाचणारी माणसं याच समाजात राहतात. मला ते कचरणं योग्य वाटतं.

वाशी_सेक्टर९: मुळात 'प्र' म्हणजे पुढची पायरी. पौत्र, मग प्रपौत्र. तर जातीच्या खाली प्रजाती हवी.

नौपाडा_जीवशास्त्र: आणि पितामह, प्रपितामह? तिथे 'प्र' वर चढतो.

येऊरकर (ठाणे): अजून एक अडचण. मँचेस्टरला १८४८ मध्ये मिळालेला काळा बेट्युलॅरिया. त्याला एकाने उपजाती म्हटलंय. तो त्याच गावात, त्याच पतंगांत जन्मतो, उपजातीला सहसा प्रदेश वेगळा लागतो. 'रूप' चालेल?

वाशी_सेक्टर९: रूप छान. पण 'पतंग' लिहिलंत तर लोकांना संक्रांत आठवेल.

राजापूरकर (कळवा): आमच्याकडे दिव्यावर येते ती पाकोळी. पतंग कुणी म्हणत नाही.

खाडीकाठ (ऐरोली): पाकोळी पक्षी आहे हो! पुलाखाली घरटी करतो तो.

राजापूरकर (कळवा): पक्षीही पाकोळी, कीटकही पाकोळी. आजी दोन्हींना तेच म्हणायची, आणि तिचा कधी घोटाळा झाला नाही.

नौपाडा_जीवशास्त्र: कागदाचा पतंग किड्यावरूनच आला. संस्कृतात उडणारं ते पतंग, सूर्यसुद्धा. मूळ मालकाने नाव का सोडावं?

वाशी_सेक्टर९: मग येऊरला पावसाळ्यात दिसतो त्या वीतभर अ‍ॅटलस पतंगालाही पाकोळी म्हणायचं का?

राजापूरकर (कळवा): त्याला पाकोळा म्हणू.