गोळ्या बंद नाही, कमी

स्टेम सेल (मूळ पेशी) दिल्या की किडनी बदलल्यावर, शरीरानं ती नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या कायमच्या सुटतात, असं कुणीतरी लिहिलंय. इतकं सोपं नाही ते. अहमदाबादचे किडनीतज्ज्ञ डॉ. एच. एल. त्रिवेदी (२०१५ चे पद्मश्री) दात्याच्याच चरबीतल्या आणि अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल रुग्णाला देत. शरीरानं परकी किडनी आपली मानावी, औषधं कमीत कमी लागावीत, हा त्यामागचा हेतू.

आमच्या दादाला वहिनीची किडनी बसलीय. स्टेम सेल वगैरे काही नाही, साधं प्रत्यारोपण. सकाळ-संध्याकाळ आठला टॅक्रोलिमस, त्याच गोळ्यांपैकी एक. रक्तातली तिची लेव्हल तपासायच्या दिवशी रक्त आधी, गोळी नंतर, म्हणून दांडिया बाजारातून लॅबला निघताना ती खिशात असते. एकदा गोळी घरीच घेऊन बसला, फेरी फुकट! वहिनीनं काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.