मदत हवी आहे: रंगीत छापचित्रात दुसरी प्लेट सरकते

अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅट यांनी १८९० मध्ये पॅरिसला जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन पाहिलं आणि पुढच्याच वर्षी दहा रंगीत छापचित्रांची मालिका दाखवली. ड्रायपॉइंटची (प्लेटवर थेट सुईने ओरखडलेली) रेघ, अ‍ॅक्वाटिंटचे (राळेचे कण लावून आम्लाने कोरलेल्या प्लेटचे) सपाट रंग, एकाच प्लेटवर कापडी बोळ्याने शेजारी शेजारी लावलेल्या शाया. त्यातलं 'द लेटर' मला अतिशय आवडतं. लिफाफा ओठांशी धरलेली बाई, तिच्या निळ्या पोशाखावरची नक्षी. इतकं नेमकं काम क्वचितच दिसतं.

त्याच पद्धतीने दोन झिंक प्लेटा एकाच कागदावर एकामागून एक छापतोय. पहिला छाप उत्तम येतो. दुसऱ्या प्लेटचा रंग मात्र रेघेबाहेर जातो, कडेला जास्तच. प्रेसच्या बेडवर खुणांचा कागद लावून पाहिला, ओल्या कागदाचं एक टोक रोलरखाली अडकवून प्लेट बदलली; थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. दोन्ही प्लेटा एकाच मापाच्या आहेत. प्रेस हाताची, शाई तेलाची, कागद सुती. कोरडा कागद वापरला तर अ‍ॅक्वाटिंट फिकं उठतं.

दोन छापांच्या मधल्या वेळात कागदाचा ओलावा सारखा कसा राखता? की प्रेसमधून जातानाच कागद ताणला जातोय, आणि तसं असेल तर दाब कमी करावा की फेल्ट (रोलर आणि कागदाच्या मधलं लोकरी कापड) बदलावं?