आमच्या गावात डिटेन्शन सेंटर येणार म्हणतात

रानजाई:
अमेरिकेत, दक्षिण जॉर्जियातल्या एका लहान गावात आम्ही दोन वर्षं राहतोय. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. व्हिसाच्या अटीमुळे तीन वर्षं खेड्यात काढायची म्हणून आलो, पण आता गावाचा लळा लागलाय. गावाबाहेरचा बंद तुरुंग पुन्हा उघडून तिथे आयसीई (इमिग्रेशनचे कायदे राबवणारं सरकारी खातं) परदेशी लोकांना कोंडून ठेवणार, अशी बोलणी चालू आहेत. मंगळवारी काउंटीची (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) सभा आहे. शेजारच्या आजी (त्यांच्याच परसात मी मेथी लावते) म्हणतात, "नातवाला घराजवळ नोकरी मिळेल, तू विरोधात बोलू नकोस." त्यांचं मन मोडवत नाही आणि गप्पही बसवत नाही. आतल्या माणसांचे हाल मी वाचलेत. गावाचं काय होतं, ते कुणी जवळून पाहिलंय का?

कोलंबसकर:
ताई, मी अठरा वर्षं जॉर्जियातल्याच कोलंबसला आहे. इथून ३५-४० मैलांवर स्टुअर्ट काउंटीतलं लम्पकिन गाव. अटलांटाची आपली मंडळी प्रॉव्हिडन्स कॅन्यन बघायला त्याच बाजूला जातात. मीही आधी तेवढ्यासाठीच जायचो. २०१४ पासून मात्र महिन्यातला एक रविवार तिथल्या स्टुअर्ट डिटेन्शन सेंटरमध्ये भेटीला जातो. आत हिंदी-पंजाबी बोलणारे असतात, आणि त्यांना भेटायला बहुतेकदा कुणीच येत नाही.

पैसा येतो, हे खरं आहे. ती इमारत खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपनीने (आताची कोअरसिव्हिक) २००४ मध्ये बांधून ठेवली होती, ती २००६ पर्यंत रिकामीच होती. मग आयसीईशी करार झाला तो काउंटीच्या नावाने, चालवायला कंपनी. काउंटीच्या पदरात पडायचे दर माणशी दिवसाला ८५ सेंट. १,७०० माणसं धरा, वर्षाचे पाच लाख डॉलरच्या वर जातात. हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, पाच-सहा हजारांची काउंटी. त्यांना ही रक्कम केवढी वाटत असेल! पण आतली माणसं कमी झाली की जमाही कमी. कोठड्या भरलेल्या राहोत, असं चांगल्या माणसांनाही मनात आणावं लागतं. मला हेच सगळ्यात जास्त सलतं.

आणि त्या पैशाने गाव उभं राहिलं का? त्याच काउंटीतल्या रिचलंडचं हॉस्पिटल २०१३ मध्ये बंद पडलं, सेंटर भरलेलं असताना. आता आतल्या कुणाच्या छातीत दुखलं काय की गावातल्या म्हाताऱ्याच्या, लांबचा रस्ता धरावा लागतो.

नोकऱ्यांचं म्हणाल तर माझा शेजारी सात वर्षं तिथे पहाऱ्यावर होता. पगार बरा, विमाही होता. पण घर कोलंबसला, घरपट्टी कोलंबसला, किराणाही इथलाच. शिवाय आतला स्वयंपाक आणि साफसफाई बरीचशी कोंडलेलीच माणसं करतात, दिवसाला काही डॉलरवर. त्यावरून २०१८ मध्ये खटलाही झाला. तेवढी कामं गावच्या वाट्याला येत नाहीत, हे आजींना सांगा.

एका रविवारी नॉर्थ कॅरोलिनाहून एक पंजाबी मुलगी रात्रभर गाडी चालवत आली होती, कडेवर सात महिन्यांचं बाळ. काचेपलीकडच्या नवऱ्याशी फोनच्या रिसीव्हरवर बोलून बाहेर आली आणि मला म्हणाली, "भैया, दूध कहाँ गरम होगा?" आम्ही कोर्टहाउसच्या चौकाला दोन फेऱ्या मारल्या. एक दार उघडं नव्हतं. शेवटी तिला एल रेफ्युहिओच्या घरी नेलं. भेटीला येणाऱ्या घरच्यांसाठी स्वयंसेवक २०१० पासून ते चालवतात, राहणं-जेवण फुकट. तिथल्या बाईंनी पातेल्यात पाणी तापवून बाटली त्यात उभी केली आणि बाळाला स्वतःकडे घेतलं, तेव्हा कुठे ती खुर्चीत बसली. इतक्या लांबून माणसं येतात, ताई, आणि गावात त्यांच्यासाठी चहाची टपरीसुद्धा नव्हती.

मोगरा:
ओसिला गावाचंही विचारात घे. आम्ही तिथून जवळच असतो. तिथल्या आयर्विन काउंटीच्या सेंटरमध्ये बायकांवर झालेल्या शस्त्रक्रियांबद्दल २०२० मध्ये तिथल्याच नर्सने आवाज उठवला आणि मे २०२१ मध्ये सरकारने आयसीईचा तिथला करार संपवायचं जाहीर केलं. संपायलाच हवा होता. पण आमच्या पंपावर रोज कॉफी घेणाऱ्या दोघी बहिणींची नोकरी एकदमच गेली. म्हणून सभेत हे विचारच: करार किती दिवसांच्या नोटिशीवर मोडता येतो, माणसं कमी आली तरी काउंटीला किमान रक्कम मिळणार का, आणि पाणी-सांडपाण्याचं काम वाढवायला कर्ज काढलं तर ते कुणाच्या डोक्यावर?

रानजाई:
दादा, मोगरा, सगळं उतरवून घेतलं. नवरा म्हणाला, "आपल्या काउंटीत रात्री दोनच अँब्युलन्स असतात, हे आधी विचार." तो प्रश्न सगळ्यात वर लिहिलाय. आजींना ८५ सेंटांचा हिशेब आणि दुधाच्या बाटलीचा प्रसंग इंग्रजीत सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "ते बाळ आता केवढं असेल?" नातवाच्या नोकरीचं त्यांच्या मनातून गेलेलं नाही, जाणारही नाही. पण मंगळवारी मीच त्यांना माझ्या गाडीतून सभेला नेतेय.