प्रति: लो-कार्बने रिपोर्ट सुधारतो का?

लो-कार्ब (भात-पोळी-साखर कमी) डाएटने ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) उतरले की हार्ट सेफ, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, ते अर्धंच पटलं. स्टॅनफर्डच्या डाएटफिट्स ट्रायलमध्ये (२०१८, ६०९ लोक, १ वर्ष) लो-कार्बवाल्यांचे ट्रायग्लिसराइड सरासरी २८ mg/dL ने उतरले, लो-फॅटवाल्यांचे १० ने, एचडीएलपण (चांगलं कोलेस्टेरॉल) लो-कार्बमध्येच जास्त वाढलं, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) लो-फॅटमध्ये जरासं कमी झालं आणि लो-कार्बमध्ये उलट थोडं चढलं. वजन म्हणाल तर ६ किलो विरुद्ध ५.३, म्हणजे फरक नाहीच. आणि साखर-मैदा दोन्ही गटांना कमी करायला सांगितला होता हे कुणी बोलतच नाही!

आमच्या भावजींनी भात-पोळी सोडून पनीर, चीज आणि वर चमच्या-चमच्याने साजूक तूप सुरू केलं, ट्रायग्लिसराइड मस्त खाली आले पण एलडीएल १६० च्या वर. मग भात बंदच ठेवून तूप-चीजच्या जागी मासे, शेंगदाणे आणले तेव्हा कुठे ते उतरलं. तसंही बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात, त्यामुळे शंका असेल तर डॉक्टरांना अ‍ॅपो-बी (एलडीएलसारख्या वाईट कणांची संख्या सांगणाऱ्या) टेस्टबद्दल विचारा.