२४ प्रौढ झेब्राफिश, १० आठवडे: प्रत्येक मासा वेगळा कसा ओळखायचा?

टँक_क्रमांक_४
नमस्कार. एकाच वयाचे २४ प्रौढ झेब्राफिश, लांबी साधारण साडेतीन सेंमी. दोन टँकमध्ये बारा-बारा राहतील. दर आठवड्याला प्रत्येकाची वर्तन-चाचणी, असे १० आठवडे. दर वेळी मासा तोच आहे याची खात्री हवी. शेपटीचा पर कातरला तर तो पुन्हा वाढतो. पिट टॅग (शरीरात बसवायची इलेक्ट्रॉनिक ओळख-चिप) एवढ्याशा माशात मावेल का? की रंगीत इलास्टोमर (कातडीखाली रबरासारखा घट्ट होणारा रंग) टोचावं? कुठे आणि कसं तेही सांगा.

मासोळी
कातरलेला पर दोन-तीन आठवड्यांत भरून येतो, त्यामुळे ती खूण नव्हे, डीएनएसाठी नमुना घ्यायची पद्धत. पिट टॅगचा विचार सोडा. ८ मिमीचा टॅगसुद्धा साधारण ३० मिलिग्रॅम भरतो आणि तुमचा मासा असेल अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. टॅगचं वजन शरीराच्या २ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा जुना आणि चांगला नियम आहे.

इलास्टोमरच घ्या. रंग १० भाग, क्युरिंग एजंट (रंग घट्ट करणारं द्रव्य) १ भाग, मिनिटभर नीट घोटायचं. खोलीच्या तापमानाला तासाभरात ते घट्ट होऊ लागतं, म्हणून थोडंच कालवा आणि भरलेल्या सिरिंज बर्फावर ठेवा. ०.३ मिलीची, २९ गेजची इन्सुलिन सिरिंज पुरते. दट्ट्या काढून मागून भरा आणि हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा दाबला जातो आणि सुई बाहेर काढल्यावरही रंग गळत राहतो.

टोचायची जागा पाठीच्या पराच्या दोन्ही बाजूंना. मासा ओल्या स्पंजच्या खाचेत, हातमोजेही ओले. कोरड्या बोटांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे बुरशी धरते. सुईचं तिरकं तोंड वर ठेवून ती कातडीखालून जवळजवळ आडवी, २-३ मिमी सरकवा. मग सुई मागे घेत घेत रंग सोडा आणि टोक बाहेर यायच्या आधीच दट्ट्यावरचा दाब काढा. सगळा घोटाळा इथेच होतो: भोकातून रंगाचं शेपूट बाहेर राहिलं, तर जखम बुजत नाही आणि दोन-चार दिवसांत अख्खी खूण निसटते. सुई खोल गेली तर रंग स्नायूत बसतो आणि बाहेरून अंधूक दिसतो.

परीक्षानळी
वरचं सगळं बरोबर. कोणत्या माशाला कोणत्या खुणा, हे संकेत मात्र आधी कागदावर मांडा. पाठीच्या परापुढे डावी-उजवी, मागे डावी-उजवी अशा चार जागा. प्रत्येक माशाला बरोबर दोन खुणा आणि रंग दोनच, लाल व पिवळा. जागांच्या जोड्या ६, प्रत्येक जोडीत रंगांच्या ४ तऱ्हा, म्हणजे नेमके २४ संकेत. दोन्ही टँक मिळून एकही संकेत पुन्हा येत नाही, त्यामुळे मासा चुकून दुसऱ्या टँकमध्ये गेला तरी सापडतो.

"बरोबर दोन" हे फार महत्त्वाचं आहे. कुणाला एक, कुणाला दोन अशा खुणा दिल्या आणि दोनवाल्याची एक गळाली, तर तो एकवाल्यासारखा वाचला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळ्यांना दोन असतील, तर एकच दिसताक्षणी खूण गेल्याचं कळतं. शिवाय प्रत्येकाला टोचण्याचा त्रास सारखा होतो. रंग वाढवायचे झालेच, तर लाल-नारिंगी किंवा पिवळा-हिरवा शेजारी घेऊ नका.

वाचताना खोलीत अंधार, ४०५ नॅनोमीटरचा जांभळा टॉर्च आणि पिवळसर चष्मा. वाचणाऱ्याला मासा कोणत्या गटातला ते माहीत नसावं. आणि लाल खुणा सगळ्या उपचार-गटात आणि पिवळ्या नियंत्रण-गटात असं करू नका. रंगाचा वर्तनावर परिणाम झालाच, तर तो उपचाराचा म्हणून मोजला जाईल.

टँक_क्रमांक_४
आभार. भूल किती द्यायची? आणि खूण गेलीच तर मासा ओळखायचा कसा?

मासोळी
ट्रायकेन (एमएस-२२२) लिटरला १६० ते १७० मिलिग्रॅम, टँकच्याच पाण्यात. ते आम्ल असतं, म्हणून सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच ७ ते ७.५ वर आणा. तसं न करता दिलं तर मासा आधी सैरावैरा पळतो आणि कल्ल्यांना जळजळ होते. कल्ल्यांची झाकणं सावकाश हलतायत आणि शेपटी चिमटली तरी मासा हलत नाही, ही योग्य वेळ. पाण्याबाहेर मिनिटभराच्या आत काम उरका. झाकणं थांबली तर खुणेचं बाजूला ठेवून लगेच ताज्या पाण्यात सोडा आणि ड्रॉपरने तोंडातून पाणी सोडत राहा. आदल्या दिवशी खाणं बंद. पहिली चाचणी निदान आठवड्याने.

परीक्षानळी
मासा भुलीत असतानाच डाव्या कुशीचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. दर वेळी डावीच, कारण दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे नसतात. पट्टा कुठे तुटतो, कुठे दुभंगतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. एक खूण गेली तरी उरलेल्या खुणेवरून उमेदवार ६ वर येतात. नर-मादी आणि फोटो ताडून पाहिलं की उरतो एक. आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडच्या अर्जात भूल, टोचण्याची जागा आणि खुणांची संख्या आधीच लिहा; मंजुरी येईपर्यंत इलास्टोमर कालवू नका.