जूनमध्ये वेंगुर्ल्याला बिऱ्हाड हलवायचे आहे : वर्षाचे धान्य, बिबडे आणि कापसाच्या गाद्या सोबत न्याव्यात का?

चोपड्याची सून

नमस्कार. आम्ही जळगाव जिल्ह्यातील चोपड्याचे. यजमानांची बदली वेंगुर्ल्याला झाली असून जूनच्या मध्यापर्यंत त्यांना तेथे रुजू व्हायचे आहे. आमच्या घरात आजवर कोणीही समुद्रकाठी राहिलेले नाही. पावसाळा म्हणजे मृगात चार सरी देऊन मग आठवडेच्या आठवडे पाठ फिरवणारा पाऊस, एवढीच आमची ओळख. प्रश्न सामानाचा आहे. उन्हाळ्यात सासूबाईंनी गच्चीवर वाळवलेले ज्वारीचे बिबडे (पापडासारखे वाळवण), गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड आणि शेवया डब्यांत भरून तयार आहेत. घरचा गहू आहे, कळण्याच्या भाकरीसाठी दादर (रब्बी ज्वारी) आणि उडीद आहेत, शिवाय आमच्याच शेतातील कापूस पिंजून भरलेल्या चार गाद्या आहेत. आम्ही शाकाहारी असल्यामुळे "तिकडे भात आणि मासळीशिवाय काय मिळणार, वर्षाचे सगळे येथूनच न्या," असा सासूबाईंचा आग्रह आहे. भाड्याची दोन घरे पाहून ठेवली आहेत, एक बाजाराजवळचे नवे स्लॅबचे आणि दुसरे जुने कौलारू. यांपैकी कोणते घ्यावे आणि सामान किती न्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गिरणाकाठ (मूळ चाळीसगाव, नोकरीनिमित्त कुडाळ)

ताई, सर्व सामान नेऊ नका, हे आधीच स्पष्ट सांगतो. जळगावला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वेंगुर्ल्याला तो ३,००० मिलिमीटरच्या घरात असतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून तेथेच मोकळे होतात. माथ्यावरच्या आंबोलीला तर ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, आणि घाट ओलांडून पूर्वेकडे उतरताना त्या वाऱ्यात जे उरते त्यावर देशावरची आणि आपल्याकडची शेती चालते. परंतु बिऱ्हाड करणाऱ्याला हा आकडा तितकासा छळत नाही, कारण डोक्यावर छप्पर असतेच. छळते ती हवा. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, म्हणून सासूबाईंच्या कुरडया दोन दिवसांत कडकडीत होतात. वेंगुर्ल्याला जुलैमध्ये ती रात्रंदिवस ८५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान राहते आणि पाऊस थांबलेला असतानाही कमी होत नाही.

गहू सुरक्षित राहण्यासाठी त्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. दाणा दाताखाली धरला असता कट्कन फुटला तर तो कोरडा आहे असे समजावे, आणि दबून चपटा झाला तर त्याने हवेतील पाणी ओढले आहे असे समजावे. उघड्या पोत्यातील गहू श्रावणापर्यंत दबू लागतो, मग त्याला जाळी धरते आणि सोंडे पडतात. म्हणून दोन-अडीच महिन्यांपुरताच गहू न्या. तो चोपड्याच्या उन्हात तापवा, मात्र पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा, कारण गरम धान्य बंद केले की डब्याला आतून घाम सुटतो. डबे लहान आणि अनेक असावेत, म्हणजे एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात. दळण एका वेळी आठवड्यापुरतेच आणावे. कळण्याच्या पिठाबाबत अधिकच जपावे, कारण ते लवकर कुबट होते.

कुरडया आणि बिबडे थोडेच न्या. नरमलेली कुरडई तेलात फुलत नाही, तळाला बसून लाल होते. तळण्याआधी ती मंद तव्यावर कोरडी शेकून घेतली तर बऱ्यापैकी साधते. बाकीचा साठा चोपड्यालाच राहू द्यावा आणि दिवाळीनंतर मागवावा. तेव्हा तिकडेही ऊन असते आणि बिबड्यांना गिऱ्हाईकही मिळते, कारण शेजारीपाजारी एकदा चव घेतली की डबा फार दिवस पुरत नाही.

गाद्यांबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. एकही नेऊ नये. कापूस ओलावा धरतो, गादी जड होते, तिला कुबट वास येतो आणि जून ते सप्टेंबर ती उन्हात टाकण्याचा दिवस सहसा मिळत नाही. तो नारळाचा मुलूख असल्यामुळे काथ्याच्या गाद्या तेथे मिळतात, त्या वापराव्यात.

माहेर वेंगुर्ले, सासर धुळे

गिरणाकाठ यांनी धान्याचे सांगितले ते योग्यच आहे. घराविषयी मी लिहिते.

नवे स्लॅबचे घर पाहताना सर्वप्रथम वर पत्र्याचे छप्पर घातले आहे का ते पाहावे. आमच्याकडे नुसता स्लॅब तीन-चार पावसाळ्यांत पाझरू लागतो, म्हणून बहुतेक लोक स्लॅबवर पुन्हा उतरते पत्रे घालतात आणि त्या जागेत कपडेही वाळवतात. बाहेरच्या माणसाला हा दुहेरी खर्च विचित्र वाटतो, पण तेथे तो गरजेचाच आहे. कौलारू घर असल्यास मालकांना एवढेच विचारावे की यंदा घर शाकारून घेतले आहे का. मे महिन्यात कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवतात, त्याला शाकारणी म्हणतात. ती झाली असेल तर जुने घर नव्यापेक्षा सुखाचे, कारण त्याला हवा खेळती असते. दुसरी गोष्ट पश्चिमेची. पाऊस तेथे सरळ खाली पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. त्या झडीपासून वाचण्यासाठी पडवीला पूर्वी नारळाच्या विणलेल्या झापा बांधत, आता निळे प्लॅस्टिक बांधतात. स्वयंपाकघर किंवा निजायची खोली पश्चिमेला असेल आणि तेथे पडवी नसेल तर ते घर नाकारावे.

जांभ्याच्या भिंती पाणी शोषतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. ज्या कपाटात शाळेचे दाखले, पासबुके आणि रेशमी साड्या ठेवाल, त्यात जुन्या पद्धतीचा कमी वॅटचा बल्ब, कपड्यांना न टेकेल अशा बेताने, काही तास पेटता ठेवण्याची आमच्या घरी पद्धत होती. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि नवा माणूस हमखास घसरतो, त्यामुळे त्या आठवड्याला खरखरीत झाडूने घासाव्या लागतात.

आता खाण्याचे. "भात आणि मासळी" हे आपल्या सासूबाईंचे म्हणणे मला, माहेरच्या बाजूने, अर्थातच मान्य नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू आणि अळू बाजारात जुडीने येतात, घरात फणसाच्या आठळ्या राखेत किंवा मातीत ठेवलेल्या असतात, आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे व आंबोळी हा आमचा सणाचा शाकाहारी बेत आहे. कोकमाचे आगळ भरून ठेवावे, म्हणजे सोलकढीची सोय होते. शिवाय आपण वर्षाचे करतो तशी तेथे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी असते. वाळवण, जळण, सुकी मासळी, मीठ, सारे मृग लागण्यापूर्वी घरात येते. आमच्याच तालुक्यातील शिरोड्याची मिठागरेसुद्धा, जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, पावसापूर्वीच आवरतात. तेव्हा सासूबाईंना तेथे समविचारी मंडळी भरपूर भेटतील.

पाऊस सुरू झाला की विजेचा भरवसा धरू नये, इन्व्हर्टर अवश्य घ्यावा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडे आणि खांब पडून सिंधुदुर्गातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. आणखी एक गंभीर सूचना. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यात किंवा शेताच्या चिखलात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण तेथे पावसाळ्यात आढळतात. ताप आला तर तो अंगावर काढू नये.

चोपड्याची सून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कौलारू घराची शाकारणी झाली आहे आणि पश्चिमेला पडवी आहे, असे मालकांनी आजच फोनवर सांगितले. दोन शंका उरल्या आहेत. पावसाळ्यात समुद्र गावात शिरतो का? हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण तापीचा पूर पाहिलेल्या माणसाला तो पडतो. आणि सामानाचा ट्रक केव्हा पाठवावा?

माहेर वेंगुर्ले, सासर धुळे

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. तापीचा पूर वरच्या पावसाने आणि धरणाच्या दरवाजांनी येतो, समुद्राचे पाणी मात्र रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. त्याच वेळी वारा जोराचा असला तर लाटा किनाऱ्यावरच्या वाळूत बऱ्याच आत येतात आणि मुसळधार पावसाचे पाणी खाडीतून बाहेर पडू न शकल्यामुळे सखल भागात साचते. बाजारपेठेकडील वस्ती किनाऱ्यापासून आत आहे, तेथे ही काळजी नाही. आपले कौलारू घर किनाऱ्यापासून किती आत आहे, तेवढे मालकांना विचारून घ्यावे. मात्र पावसाळ्यात समुद्रात पाय भिजवायलाही उतरू नये. खुद्द मच्छीमार त्या दिवसांत होड्या वर ओढून झाकून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर दर्यात उतरण्याची रीत आहे.

भुसावळ जंक्शन

वाहतुकीपुरते लिहितो. सरासरीने मोसमी पाऊस ७ जूनच्या सुमारास तळकोकणात पोहोचतो, पण त्या तारखेवर विसंबू नये, २०२५ साली तो २५ मे रोजीच दाखल झाला होता. ट्रक मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रवाना करावा आणि माणसांनी मागाहून जावे. कोल्हापूरकडून आंबोली घाटाने उतरणारा रस्ता सरळ पडतो, परंतु जोराच्या पावसात तेथे दरडी येतात, म्हणून घाट दिवसाउजेडी उतरेल अशा बेताने गाडी सोडण्यास सांगावे. वळवाची सर कोठेही गाठू शकते, यासाठी ताडपत्री खाली एक आणि वर एक अशी घ्यावी व धान्याचे डबे मधोमध रचावेत.

माणसांसाठी मंगला एक्स्प्रेस सोयीची आहे. ती भुसावळहून कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाते. वेंगुर्ल्याला रेल्वे नाही, कुडाळ किंवा सावंतवाडी स्थानकावरून एसटीने जावे लागते, त्यामुळे या गाडीचे पुढचे थांबे आरक्षणापूर्वी पाहून घ्यावेत. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेगमर्यादा असते आणि जूनच्या मध्यापासून निराळे वेळापत्रक लागू होते. आपला प्रवास नेमका त्याच सुमारास असल्याने तिकिटावरील वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासावी.